सातव्या माळेचा दिवा

या, असे जवळ या. सतरंजीचं हे टोक मोकळं आहे. भिंतीला मात्र टेकू नका, पेंग येते. कीर्तनात बुवा आधी पूर्वरंग लावतात आणि मग आख्यानाला हात घालतात. आज मी उलटं करणार आहे. आधी आख्यान सांगतो, निरूपण तुमचं तुम्ही करा.

गोष्ट आपल्या चिंचवडची, पवनेकाठची. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखान्यांची धुराडी नुकती उगवू लागली होती आणि ज्याच्या घरात विजेचा दिवा असे, तो पाहुण्याला मुद्दाम बटण दाबून दाखवी. गोष्टीत एक मरण आहे. ते कोणाच्या हातून झालं, हे शोधायचं आहे. सापडेल, त्याची काळजी नको. सापडल्यावर त्याचं करायचं काय, ते तुम्हाला कळलं तर मला सांगा.

१

नवरात्रातली सातवी माळ होती. ज्योतीराम जमादार सकाळी गणपतीच्या देवळातून टाळ काखोटीला मारून निघाले होते. अंगावर खाकी आली की ते जमादार, उतरली की बुवांच्या मागे उभे राहणारे टाळकरी. त्या दिवशी दोन्हींच्या मधेच त्यांना उद्धवरावांनी गाठलं.

"जमादार, बिगी बिगी चला. दत्तोबाची कुसुम गेली. देवघरात. इजेनं."

दत्तोबा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात कामाला. घरात तो, त्याची आई रुक्मिणीबाई आणि बायको कुसुम, अशी तीनच माणसं. उद्धवरावांचं घर भिंतीला भिंत लागून. जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची मोड घेण्याचा त्यांचा धंदा.

देवघर म्हणजे आतली खोली. खिडकी नाही, झरोका नाही. घटासमोर कुसुमला आडवं निजवलं होतं. उजव्या हाताच्या बोटांवर काळपट डाग. जमीन शेणानं नुकती सारवलेली, अजून ओली. पूजेचा लाकडी पाट अंगणात उन्हात वाळत टाकलेला. घटावर एक पत्र्याचं छत्र साखळीनं टांगलेलं, उलट्या घमेल्यासारखं, आणि त्याच्या पोटात दोन मोठे बल्ब. छत्राच्या खाली घटाभोवतीचं रुजवण असं काही वाढलं होतं, की ज्योतीराम क्षणभर मेलेल्या माणसाला विसरले. अंधाऱ्या खोलीत गहू पिवळा, मरतुकडा उगवतो. हा हिरवागार होता, वीतभर उंच, आणि त्याची टोकं छत्राला टेकून करपली होती.

"म्हणून ती छत्र वर घ्याय गेली," दत्तोबा कोपऱ्यातून म्हणाला. त्याचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. "रोप वाढलं म्हणून. सकाळी मला म्हणाली, बगा, देवीनं ऐकलं."

ते ऐकणं काय होतं, हे गल्लीला ठाऊक होतं. गेल्या साली रुजवण कुजलं. बुरशी आली. पुढं थंडीत कुसुमचं पोटातलं मूल गेलं. रुक्मिणीबाईंनी सुनेला शब्दानं बोल लावला नाही. उलट, बी मीच पेरलं होतं, माझाच हात अपेशी, म्हणून स्वतःलाच खात राहिल्या. तेव्हा यंदा दत्तोबानं कारखान्यातली युक्ती घरी आणली. तिथला माळी शेडमध्ये बल्बखाली रोपं वाढवी. सूर्य नसला तरी रोपाला उजेड दिसला की ते हिरवं होतं, असं त्यानं सांगितलेलं. शिवाय घटापुढचा दिवा नऊ दिवस विझायचा नसतो. विजेचा दिवा वाऱ्यानं विझत नाही, तेलावाचूनही विझत नाही. समईला जोड झाली, सगळ्यांना पटलं.

"तुम्ही आलात तेव्हा काय दिसलं?" जमादारांनी उद्धवरावांना विचारलं.

"म्हातारीचं वरडणं ऐकून आलो. पोर छत्राला चिकटलेली. मी आधी मेन स्विच खाली वढला, मग सोडवली. पर काय उपेग." उद्धवराव थांबले, मग हळू म्हणाले, "एक सांगू का जमादार, मी आलो तवा दिवा लख्ख जळत हुता. माणूस गेलं आन् दिवा न्हाई हालला."

बाहेर जमलेल्या बाया ह्यावर हात जोडत होत्या. देवीची ज्योत, म्हणत होत्या. ज्योतीरामांनीही हात जोडले. पण ते वाक्य त्यांच्या कानात खड्यासारखं राहिलं.

२

फौजदारसाहेब दुपारी आले. त्यांना आख्यान लांबवायची सवय नव्हती.

"वायर कुणी ओढली?"

"बरकतनं."

"मग बोलवा त्याला."

बोलवावं लागलं नाही. बरकत वायरमन महाळुंग्याला पिठाच्या गिरणीची मोटर बसवत होता. घटाचा दिवा दोनदा विझला, येऊन बघून जा, असा दत्तोबाचा निरोप त्याला आदल्या दिवशी मिळालेला. हातातलं काम संपवून तो सायकल मारत आला तो थेट दारातल्या गर्दीत. सायकल आडवी पडली तरी त्यानं उचलली नाही.

"साहेब, त्या छत्राला मी अर्थिंग दिलंय," तो फौजदारांना म्हणाला. "बल्ब मोठे, खाली पाण्याचं काम. उष्णतेनं वायरीचं रबर कडक होणार, तडकणार, हे मला म्हाईत हुतं. म्हणून छत्रापासून जाड तार काढून भिंतीतून अंगणात नेली. तुळशीखाली तांब्याचा पत्रा पुरलाय, त्याला जोडली. छत्रात वीज उतरली तर ती तारेवाटं जमिनीत जाणार, आन् फ्यूज उडून दिवा बंद पडणार. माणसाला धक्का बसायचाच न्हाई."

"तुळशीखाली?"

"तिथली माती बारा महिने वली असती, साहेब. अर्थिंगला वलीच माती लागती."

फौजदार दत्तोबाकडे वळले. "ह्यानं पत्रा पुरला, हे तुम्ही पाहिलं?"

दत्तोबानं एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. आत त्याची आई होती. मग मान खाली घातली. "मी कामावर असतो, साहेब. मला न्हाई ठावं."

बरकतनं चमकून त्याच्याकडे पाहिलं.

वृंदावनाचा बुंधा नव्यानं सारवलेला होता. हवालदारानं हात जोडून, तुळशीची क्षमा मागून पहार घातली. ज्योतीराम वाकून बघत होते. तुळशीची खालची पानं करपून गळत होती, शेंड्याला मात्र कोवळी पालवी धरू लागली होती. माती भुसभुशीत निघाली. कोळशाचे चार-दोन तुकडे निघाले. भिंतीच्या पायथ्याशी तारेचं टोक दिसलं, चेचून तोडल्यासारखं. आणि खड्ड्याच्या तळाशी जाऊन पहार खडकावर वाजली.

पत्रा नव्हता.

"वा रे अर्थिंग," फौजदार म्हणाले. "तांबं बाजारात आणि माणूस मसणात. घाला ह्याला आत. दसऱ्याची सुट्टी झाली की पुण्याला पाठवतो."

३

ज्योतीरामांना दोन रस्ते दिसत होते. एक, बरकत खोटं बोलतोय. दुसरा, तो खरं बोलतोय आणि पत्रा कुणीतरी काढला. पहिल्या रस्त्यात एक धोंडा होता. पत्रा पुरायचाच नाही, तर तार भिंतीतून बाहेर काढायचा खटाटोप कुणी कशाला करील?

मग काढला कुणी? तांब्याचा धंदा कुणाचा, ते सांगायला नकोच.

"या जमादार," उद्धवराव तराजू पुसत म्हणाले. "घ्या झडती. तुमच्या मनात काय आलंय, ते मला तुमच्या मिशीवरनं कळतंय."

"मी काही बोललो का?"

"बोलायला कशाला पायजे? तांबं गेलं की लोक माझ्याच दारात येत्यात. बरकतचं आन् माझं पटत न्हाई, हेबी खरंय. पर तुळशीखालची वस्तू चोरीन मी? माज्या घरातबी तुळस हाय. अन् ती तुळस तर आधीच वाळाय लागली हुती. म्हातारी रोज कुंपणावरनं मला सांगायची, उद्धवा, माजी तुळस जळती रं, घरावर कायतरी हाय. बरकतनं कुठं खड्डा केला, हे मला कुणी सांगितलं असतं, ते तरी इचारा."

हे बरोबर होतं. पत्रा कुठं आहे, हे माहीत असल्यावाचून कुणी चोरायला जाणार नाही.

दत्तोबा नदीच्या घाटावर एकटा बसला होता. ज्योतीराम शेजारी टेकले.

"दिवा विझला होता म्हणे?"

"दुसऱ्या माळंला, आन् तिसऱ्या माळंला. दोन्ही डाव फ्यूज उडाला. मी नवी तार घातली."

"जाड घातलीस?"

"न्हाई जमादार. बरकतनं बारीक तारेचं बंडल देऊन ठेवलं हुतं. हीच घाल म्हणला, दुसरी घालू नको. तीच घातली. जाऊन बघा."

जमादारांनी आधीच पाहिली होती. बारीकच होती.

"आणि चौथ्या माळेपासून?"

"मग न्हाई विझला. आई म्हणली, संकट टळलं."

ज्योतीराम टाळ जमिनीवर ठेवावेत तशा जपून आवाजात म्हणाले, "दत्तोबा, दिवा विझत होता म्हणजे आत काहीतरी बिघडलं होतं. ते दुरुस्त कुणी केलं?"

"कुणीच न्हाई. बरकत महाळुंग्याला हुता."

"न दुरुस्त करता दुखणं बरं झालं?"

तेव्हा दत्तोबा जे लपवत होता, ते त्याच्या डोळ्यांवाटे बाहेर आलं.

"पत्रा पुरताना मी हुतो, जमादार. गौरी-गणपतीच्या दिवसांत. आई माहेराला गेली हुती. मीच म्हणलं बरकतला, आई यायच्या आत उरक. तो म्हणत हुता, आईला सांगून ठेव, तिथं कुणी हात लावाय नको. मी म्हणलं, तुळशीत दुसऱ्याचा हात लागला हे कळलं तर ती चार दिस जेवायची न्हाई. न्हाई सांगितलं. आन् त्या दिवशी साहेबांपुढं... आई आत हुती, जमादार. मला बोलता आलं न्हाई."

"तुझ्या एका शब्दापायी तो कोठडीत बसलाय."

"व्हय," दत्तोबा म्हणाला.

४

दसऱ्याच्या दिवशी कोठडीत बरकतची बायको सुरय्या डबा घेऊन आली होती. बरकतनं भाकरीला हात लावला नव्हता.

"दत्तोबानं कबूल केलं," जमादार म्हणाले.

"करणारच. चांगला माणूस हाय तो. आईला भितो, येवढंच."

"आता साहेब म्हणतील, दत्तोबा मित्राला वाचवायला बोलतो. मला पत्रा काढणारा माणूस पाहिजे. बरकत, मला पहिल्यापासून सांग. खड्ड्यात काय काय घातलंस? एकूण एक."

"काय घालायचं? तांब्याचा पत्रा, त्याला तार. भोवती कोळसा आन् खडं मीठ. मिठानं माती वलावा धरती, वीज लवकर मुरती. समद्या अर्थिंगला असंच करत्यात."



"मीठ?"

"व्हय. चांगलं पायलीभर. तुळशीला जरा लांबून घालाय पायजे हुतं, पर जागा न्हवती. का वो?"

जमादार उठून गजांशी उभे राहिले. मिठानं तुळस जळते, हे त्यांना कळलं होतं. पण त्याहून दुसरं काही त्यांना दिसत होतं. त्यांना त्यांची स्वतःची आई दिसत होती. दारातली तुळस वाळते आहे, खुरपं घेऊन ती माती सैल करते आहे, आणि खुरप्याच्या टोकाला काय लागतं? काळे कोळसे. पांढरं मीठ. तांबं. आणि त्या तांब्याला बांधून घराच्या भिंतीत शिरलेली तार. चिंचवडात, मावळात, कुठल्याही गावात ह्या वस्तू दारात पुरलेल्या सापडल्या, तर म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी एकच शब्द येईल. करणी.

कोणाही चोराला पत्रा शोधता आला नसता. तुळशीवर जीव असलेल्या माणसाला तो आपोआप सापडला असता.

"सुरय्या," ते म्हणाले, "त्याला दोन घास खायला घाल. मला एका घरी जायचंय, आणि जायची इच्छा नाही."

५

रुक्मिणीबाई माजघरात भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. घट भावकीनं उचलून नेले होते. त्या दिवशीच्या रडारडीत बरकतचं बोलणं त्यांच्या कानांपर्यंत पोचलं नव्हतं. त्यांच्यापुढं कुणी विजेचा विषय काढत नव्हतं; पोलीस अंगणात काय शोधत होते, हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

"मावशी, तुळस फुटतेय तुमची," ज्योतीराम म्हणाले.

म्हातारीनं मान वळवली. "फुटनारच. बला काढली न्हवं."

"कोणती बला?"

"बोलायचं नसतं, जोतीराम. दसऱ्यापातुर तोंडातनं काढलं तर उलटतं. सासूबाईंनी शिकवलंय मला."

"आज दसराच आहे, मावशी."

"व्हय का." त्यांना दिवसाचं भान नव्हतं. मग त्या बोलू लागल्या, आणि आपण काही लपवलं होतं असा भाव त्यांच्या तोंडावर नव्हता. उलट एखादी बाई घरासाठी केलेलं कष्टाचं काम सांगते, तसं त्या सांगत होत्या. "चौथ्या माळंला सकाळी खुरपं लावलं तुळशीला. तर आत कोळसं, मीठ, तांब्याचं पान. आन् घराला तारंनं बांधलेलं रं. वाटलं, हेच ते. ह्यानंच गेल्या साली रुजवण कुजवलं, ह्यानंच पोरीची कूस रिती केली. कोयत्यानं तार चेचून तोडली. समदं पदरात बांधून पवनंत सोडलं आन् मागं न बगता आले. त्या दिसापासनं दिवा न्हाई विझला, जोतीराम. इचार दत्तोबाला. आदी रोज विझत हुता. मी बला काढली आन् दिवा थारला."

ज्योतीराम ऐकत होते. दिवा का थारला, हे त्यांना माहीत होतं. बिघडलेल्या वायरीतली वीज पत्र्याच्या छत्रात उतरत होती. तार होती तोवर ती जमिनीत पळत होती, फ्यूज उडत होता, दिवा विझून घराला सावध करत होता. वाट तुटली, आणि वीज छत्रातच बसून राहिली. घरातली माणसं पूजेला लाकडी पाटावर उभी राहत, म्हणून मधल्या दिवसांत कुणाला कळलं नाही. सातव्या माळेला कुसुमनं जमीन सारवली, पाट धुऊन उन्हात टाकला, आणि ओल्या भुईवर अनवाणी उभी राहून छत्राला हात घातला.

"जोतीराम," म्हातारी म्हणाली, "मग माजी कुसुम का गेली रं? मी काडलं हुतं की समदं. कायतरी ऱ्हायलं का आत?"

किती कीर्तनांत त्यांनी ऐकलं होतं, की सत्य सांगावं, गोड करून सांगावं. हे गोड कसं करायचं, ते कोणत्याच बुवांनी सांगितलं नव्हतं. न सांगावं, तर बरकत उद्या पुण्याला जाणार. सांगावं, तर ही म्हातारी. त्यांचे हात टाळ नसताना टाळासारखे एकमेकांवर येत होते.

म्हातारी त्यांच्याकडे बघत होती. देवाधर्मात आयुष्य गेलेली बाई, माणसाचं तोंड वाचायला तिला जमादार लागत नव्हता.

"ती तार कशाची हुती, जोतीराम?"

त्यांनी सांगितलं. हळूहळू, एकेक गोष्ट. मीठ कशाला, कोळसा कशाला, तुळसच का.

रुक्मिणीबाई रडल्या नाहीत. दोन्ही तळहात उताणे करून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. मग पदर सावरून उठल्या.

"बरकतला जेवाय घालत्यात का तिथं? चल. मला ने चौकीवर."

६

फौजदारांनी सगळं ऐकलं आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हातारीवर कोणतं कलम लावावं, हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं. अपघात म्हणून कागद पूर्ण केले आणि बरकतला सोडलं. सुटका झाली म्हणून कोणी हसलं नाही.

चौकीच्या पायरीवर म्हातारी, दत्तोबा, बरकत आणि जमादार असे चौघं उभे होते.

"चूक माजी हाय, मावशी," बरकत म्हणाला. "दत्तोबा नको म्हणला तरी तुमाला सांगाय पायजे हुतं."

"माझी," दत्तोबा म्हणाला. "मी सांगू दिलं न्हाई."

म्हातारीनं दोघांना हातानं गप्प केलं. त्या तारेचं एकेक टोक प्रत्येकाच्या हातात होतं, आणि कोणी कोणाचं ओढून घेऊ शकत नव्हतं.

पुढच्या साली नवरात्र आलं. सूनच नाही, तर घट कोणासाठी, म्हणून दत्तोबा नको म्हणत होता. रुक्मिणीबाईंनी बरकतला बोलावणं धाडलं. तो आला तो दारातच थांबला. तुळशीच्या अंगणात पाय टाकायचं त्याला धाडस होईना.

"आत ये," त्या म्हणाल्या. "कुठं खणायचं ते दाव. ह्या डावाला तुळशीपासनं लांब, मोरीच्या पाण्यापाशी खण, म्हंजी तीबी जगंल."

बरकतनं खड्डा घेतला, पत्रा उभा केला, तार जोडली. मग मीठ आणायला पिशवीकडे वळला, तर म्हातारी पाठीमागे उभी होती. पदरात तिच्याच स्वयंपाकघरातलं खडं मीठ होतं, दुसऱ्या हातात चुलीतले कोळसे. तिनं ते आपल्या हातानं, मूठ मूठ करून, खड्ड्यात सोडलं. प्रत्येक मुठीला ओठ हलत होते. ज्योतीराम कुंपणाशी उभे होते; त्यांना वाटलं, ती देवीचं नाव घेत असेल. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. ती कुसुमचं नाव घेत होती.

आख्यान इथं संपतं. उठायच्या आधी माझी एवढीच विनवणी आहे. घरी गेलात, देवापुढं दिवा लागला, आणि कधी तो अचानक विझला, तर अपशकुन म्हणू नका. तो तुम्हाला काही सांगत असेल. आणि दिवा पुन्हा लावताना, ओल्या भुईवर अनवाणी उभ्या राहिलेल्या, वीतभर वाढलेलं रोप बघून हरखलेल्या त्या कुसुमची एकदा आठवण काढा.